जयराजच्या वाटचं बोलणं

जयराजचं वर्षश्राद्ध दुपारी उरकलं. भटजी शिधा घेऊन गेले, पंगती उठल्या, लांबचे पाहुणे गाड्या काढून वाटेला लागले, तरी साईराज ओसरीच्या कडेवरून हलला नाही. मोबाइलशी चाळा करत तो खाली मान घालून बसला होता. मधूनच सयाजीनानांकडं बघायचा आणि पुन्हा मान खाली घालायचा. नाना फौजेतून सुभेदार होऊन आलेले. समोरचा माणूस काही सांगायला आलाय की मागायला, हे त्यांना त्याच्या बसण्यावरून कळायचं. हा मागायला आला होता.

साईराज नानांचा पुतण्या, धाकट्या आकारामचा मुलगा. आकारामही आज आला होता. वाटण्या झाल्यावर विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून दोघा भावांचं जे बोलणं तुटलं, ते नानांचा जयराज गेला तेव्हाही जुळलं नाही. आकारामनं पुतण्याला खांदा दिला, दहाव्याला आला, आज पिंडाला हात जोडले, खीर-भात जेवला, पण थोरल्या भावाशी अक्षर बोलला नाही. नानाही बोलले नाहीत. एकमेकांना काही सांगायचंच झालं, तर मधल्या माणसाच्या तोंडून सांगायची रीत पडली होती. घरच्यांच्या ती इतकी अंगवळणी पडली होती की तिचं कुणाला काही वाटत नव्हतं.

वाटायचं ते जयराजला. त्याला हसू यायचं. बापांची तोंडं फिरली तेव्हा जयराज आणि साईराज कॉलेजात जाणारी पोरं होती. त्यांनी ते भांडण कधी मनावर घेतलं नाही. बांधाच्या अल्याडचा पल्याड जेवायचा, पल्याडचा अल्याड झोपायचा. पुढं जयराज दक्षिणेत गलाईच्या दुकानात कामाला गेला. जुनं सोनं वितळवून शुद्ध करायची ती दुकानं विटा-खानापूरच्या माणसांनी देशभर थाटलेली, आणि त्याची सासुरवाडी विट्याचीच. बायकापोरीसह परत आला तेव्हा उसाबरोबर त्याच्या डोक्यात एक सिनेमा होता.

सिनेमाचं नाव, ‘तू हो फुडं, मी आलोच’. दोन जिवलग मित्रांची गोष्ट. एरवी सिनेमातले मित्र एकाच ताटात जेवतात, गळ्यात हात घालून गाणी म्हणतात, एकमेकांसाठी गोळी खातात, आणि शेवटी एक दुसऱ्याच्या मांडीवर जीव सोडतो. हे दोघंही सगळं तसंच करतात. फक्त जेवताना एक दुसऱ्याच्या पुढचं ओढतो, आणि गोळी आली की दोघंही एकमेकांना पुढं ढकलतात. गलाईच्या दुकानातून ते सोन्याचं बिस्कीट पळवतात, गावाकडं येऊन गुऱ्हाळात गुळाच्या ढेपेत दडवतात, आणि ढेप नेमकी कुठली हे एकटा जयराजच जाणतो. मागं पोलीस, दुकानमालकाची माणसं, गुळाचे अडते. आणि हे दोघं जिवाभावाच्या आणाभाका घेत एकमेकांनाच पकडून द्यायच्या खटपटीत. जयराजनं लिहिलं, साईराजनं कॅमेरा धरणारी माणसं जमवली, आणि दोन्ही मुख्य कामं दोघांनीच केली. नानांनाही हवालदाराचं काम देऊ केलं होतं. “सुभेदाराला हवालदार करतोस व्हय?” एवढंच बोलून नाना उसात निघून गेले होते.

शूटिंग होईल तसतसे आवाज सांगलीच्या स्टुडिओत भरून घेत होते. शेवटचा, सिनेमात जयराज मरतो तो प्रसंग तेवढा राहिला. तो कालव्याच्या कडेला घेतला, आणि शेजारच्या फडात ऊसतोडणीचं यंत्र चालू होतं. त्या घरघरीत त्याचं सगळं बोलणं बुडालं. मागनं भरू, असं जयराज म्हणाला. त्याच आठवड्यात दिवस मावळताना विट्याहून येताना त्याची मोटारसायकल रस्त्यात उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीवर गेली. ट्रॉलीला मागं लाल दिवा नव्हता.

“नाना,” साईराज शेवटी बोलला, “सिनेमा पुरा करायचा म्हंतोय मी.”

मग त्यानं वर्षभरातलं सगळं सांगितलं. नकला करणारा एक पोरगा आणून पाहिला, त्याला जयराजचं हसणं जमलं, बोलणं जमलं नाही. कुणीतरी म्हणालं, आता कॉम्प्युटर मेलेल्या माणसाचा आवाज काढतो. तेही केलं. जयराजची बायको प्रियदर्शनी हिला ऐकवलं. तिनं पुरतं ऐकून घेतलं आणि पुसून टाका म्हणाली. आवाज हुबेहूब होता, पण बोलता बोलता त्या आवाजाला कुठं दमच लागत नव्हता.

प्रियदर्शनी दाराशी पत्रावळी गोळा करत होती. सगळ्यांच्या देखत, सासऱ्यांकडं न बघता ती म्हणाली, “भावजी, आवाज तर घरातच आहे.”

तिला काय म्हणायचंय ते ओसरीवर सगळ्यांना कळलं. बापलेकाचा आवाज एक होता. फोनवर नाना बोलले तर जयराजचे मित्र त्यांना शिव्या देऊन सुरुवात करायचे. जयराज गेला त्याच्या पुढच्या महिन्यात नानांनी गोठ्यातून नातीला हाक मारली, “सृष्टे, बादली आण गं.” पाच वर्षांची पोर “पप्पा” करत धावत आली, गोठ्यात सगळीकडं बघितलं, आणि आजोबांच्या हातात बादली देऊन गप परत गेली. तेव्हापासून नाना घरात मोठ्यानं बोलले नव्हते. जे काय असेल ते जवळ जाऊन, घशातल्या घशात सांगायचे. परेडवर शंभर माणसं हलवणारा तो आवाज त्यांनी आपणहून मिटवून ठेवला होता, आणि त्याचं कारण त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. प्रियदर्शनीला सांगावं लागलं नव्हतं.

“ते न्हाई व्हायचं,” स्वैपाकघराच्या दारातून जयराजची आई शालूबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नाही. “एकदा मेलेला बघितला मी त्येला. आता पडद्यावर मरताना बघायचा? आन वर लोकांनी हसायचं?”

आकाराम शालूबाईंच्या बाजूनं गेला. वैनी म्हणतात ते खरं, असं म्हणून त्यानं मुलाकडं तोंड केलं आणि भावाला ऐकू जाईल असं बोलायला लागला. “साईराज, तुज्या चुलत्याला सांग, ह्यो सिनेमा कुनाचा हाय ते. दोगं तोंडावर भाऊ-भाऊ करत्यात आन पाठीमागं एकमेकाची मुंडी मुरगळत्यात. साऱ्या कडेगावला कळंल कुनाची टिंगल हाय. ज्येचा गेला त्येचा गेला, पर मला ऱ्हायाचंय अजून गावात.”

साईराजनं ते पुन्हा सांगायचा प्रश्नच नव्हता. नानांनी ऐकलं होतं, आणि त्यांना राग यायला हवा होता. आला नाही. धाकट्याचं बोलणं खरं असणार, हे त्यांना त्याच क्षणी पटलं होतं. जयराज दोघांकडं बघून गालात का हसायचा, ते आता उमगत होतं.

त्यांनी साईराजला एवढंच विचारलं, की तो प्रसंग कापून टाकला तर काय होईल.

“मग जया मधनंच नाहीसा हुतोय, नाना. कुठं गेला त्ये लोकास्नी कळतच न्हाई.”

नाना उठले आणि चपला घालून गोठ्याकडं गेले.

संध्याकाळी धारा काढताना सासू-सुनेचं बोलणं झालं. नाना वैरण टाकत होते. त्यांना ऐकू जातंय हे दोघींनाही माहीत होतं. शालूबाई म्हणत होत्या, की तुला तरणीला जमंल, मला जमायचं न्हाई. माझ्या पोराच्या तोंडात दुसऱ्याचं बोलणं घालायचं, मग तो दुसरा त्येचा बाप का असंना. म्हशीच्या पाठीवर हात ठेवून प्रियदर्शनी उभी होती.

“आई,” ती म्हणाली, “वर्षभर आपण त्यांचं मरणच धरून बसलोय. येणारा-जाणारा तेवढंच विचारतो, ट्रॉलीला दिवा होता का. ते लोकांना हसवायला निघाले होते. तेवढं तरी त्यांचं लोकांपर्यंत जाऊ दे की.”

शालूबाईंनी धार पुरी काढली, बादली उचलली आणि घराकडं चालू लागल्या. उंबऱ्याशी त्या थांबल्याचं नानांनी बघितलं. त्या तिथं उभ्या राहिल्या, पदर तोंडावरून फिरवला आणि आत गेल्या.

“सांगलीला कवा जायचं म्हंतोय त्यो?” नानांनी सुनेला विचारलं. घशातल्या घशातच.

सोमवारी सकाळी साईराज गाडी घेऊन दारात आला तेव्हा पुढच्या सीटवर आकाराम बसलेला होता. काचेतून सरळ समोर बघत. साईराजनं नजरेनंच मोठ्या चुलत्याची माफी मागितली. काय बोलायला लावलंय ते आधी बघायचं म्हणून आकाराम हट्टानं आला होता. नाना मागं बसले, प्रियदर्शनी पलीकडच्या दारानं चढली. साईराज गाडी वळवणार तोच शालूबाई बाहेर आल्या. सृष्टीला शेजारच्या घरी ठेवून, ठेवणीतलं लुगडं नेसून. नानांना सरकायची खूण करत त्या आत बसल्या.

“तुमाला एकट्याला सोडत न्हाई मी तितं,” त्या म्हणाल्या.

रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या लागत होत्या, आणि दर ट्रॉलीपाशी साईराज वेग कमी करायचा. एका ठिकाणी आकारामनं काच खाली करून एका ट्रॉलीवाल्याला थांबवलं आणि मागं लाल कापड तरी बांध म्हणून दरडावलं. नानांनी ते ऐकलं. शालूबाईंनी डोळे मिटले होते.

स्टुडिओ सांगलीत हळदीच्या पेठेमागच्या एका इमारतीत वरच्या मजल्यावर होता. जिन्यापर्यंत हळदीचा वास येत होता, आत गेल्यावर तोही थांबला. एक मोठी काच, काचेच्या अलीकडं यंत्रं आणि खुर्च्या, पलीकडं स्पंज लावलेली बंद खोली. तिथं एक माइक, पुढं पडदा. यंत्रांवर अमृत नावाचा तरुण बसायचा. जयराजचं आधीचं सगळं बोलणं त्यानंच भरलं होतं. तो उठून नानांच्या पाया पडला, त्यानं कानावर घालायचं यंत्र त्यांच्या हातात दिलं, आणि पडद्यावर ओठ हलायला लागले की बोलायचं, थांबले की थांबायचं, एवढं सांगितलं.

नाना खोलीत गेले. साईराज त्यांच्याबरोबर आत उभा राहिला, कारण मरणाच्या प्रसंगात दुसऱ्या मित्राची वाक्यं त्याची होती. ती त्यानं म्हणायची आणि त्यावर नानांनी उत्तर द्यायचं, असं ठरलं होतं.

पडद्यावर जयराज आला.

नानांनी तयारी केली होती ती मेलेला मुलगा बघायची. समोर आला तो जिवंत. डोक्याला मळकं मुंडासं, अंगात ठिगळ लावलेला शर्ट, पाठीला लाल रंग. कालव्याच्या भरावावर आडवा पडलेला, साईराजच्या मांडीवर डोकं. चेहरा भिंतीएवढा मोठा. हनुवटीवरचा लहानपणी आंब्यावरून पडल्याचा व्रणसुद्धा दिसत होता. तो तोंड उघडायच्या आधी उजव्या कानाची पाळी चोळायचा, मान एका बाजूला टाकायचा, आणि मग बोलायचा.

“ह्यो असं का करतोय?” नानांनी विचारलं.

साईराज अडखळला. “नाना, सगळ्या सिनेमात त्यो तुमीच हाय. चालणं, बसणं, बोलायच्या आदी कान चोळणं. मी म्हणालो हुतो, नानांना कळलं तर मारत्याल. तर म्हणला, त्येंच्या ध्यानातबी यायचं न्हाई.”

आणि ते खरं होतं. आपण कान चोळतो हे नानांना आजवर माहीत नव्हतं. आताही हात पाळीवरच गेला होता. तो त्यांनी खाली घेतला. आपल्यासमोर बसून हा मुलगा कधी आपल्याकडं नीट बघतसुद्धा नाही, असं त्यांना वर्षानुवर्षं वाटत आलं होतं.

काम सुरू झालं. पहिली वाक्यं बरी गेली. पण नाना परेडवर हुकूम दिल्यासारखं बोलत होते. एकेक शब्द स्वच्छ, आणि सगळं बोलणं कोरडं. अमृत काचेपलीकडून गोड बोलून पुन्हा करायला लावायचा. पडद्यावर जयराज पुन्हा आडवा व्हायचा, पुन्हा कान चोळायचा. प्रसंग असा होता, की मरणारा मित्र मोठ्या मनानं शेवटचं सांगायला बघतो आणि दुसरा प्रत्येक वेळी त्याचं बोलणं तोडून ढेप कुठली म्हणून विचारतो. मरणाऱ्याला इतका संताप येतो, की मरायचं सोडून तो उठून बसतो आणि भांडतो. लोकांनी हसायचं ते तिथं. नानांना तो संताप येत नव्हता. समोर तो चेहरा असताना रागवायचं कुणावर आणि कसं, हे त्यांना उमजत नव्हतं.

आणि मग साईराजचंच बिनसलं. “ढेप कुठली?” हे हसवायचं वाक्य म्हणताना त्याचा आवाज चिरकला. त्यानं पुन्हा म्हटलं, पुन्हा चिरकला. तो भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. नानांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. कुठल्या गावाहून कुणीतरी बोलल्यासारखा अमृतचा आवाज कानात आला, की थोडं थांबू या.

काचेपलीकडं शालूबाई मांडीवर हात ठेवून बसल्या होत्या. त्यांना आतलं काही ऐकू येत नव्हतं, नुसतं दिसत होतं. प्रियदर्शनी त्यांच्या शेजारी. आणि मागं भिंतीला टेकून उभा असलेला आकाराम पुढं आला. दार ढकलून आत आला. मुलाच्या हातातले कागद त्यानं काढून घेतले आणि त्याला बाहेर जा म्हणून मानेनं खुणावलं. साईराज गेला. दार लागलं.

त्या बंद खोलीत दोघं भाऊ उभे राहिले. खोली इतकी मुकी होती की एकमेकांचा श्वास ऐकू येत होता. आकारामनं खिशातून चष्मा काढला, पुसला, घातला. पडद्याकडं बघितलं. तिथं त्याचा मुलगा मित्राचं डोकं मांडीवर घेऊन गुडघ्यावर बोटं वाजवत बसला होता. आकाराम स्वतःच्या गुडघ्याकडं बघत राहिला.

“ह्ये तर मी हाय,” तो पुटपुटला. कुणाला उद्देशून, ते त्यालाही कळलं नसावं.

पडदा सुरू झाला. आकाराम शाळेतल्या पोरासारखं बोट ठेवून वाचायला लागला. कधी शब्द गाळायचा, कधी नानांचं वाक्य अर्ध्यात असतानाच आपलं सुरू करायचा. नानांचं तीनदा चुकलं ते त्याच्यामुळं. शेवटी त्यांनी कानावरचं यंत्र काढलं.

“नीट वाच की,” ते म्हणाले. “माजं हुस्तवर थांबाय येत न्हाई तुला?”

विहिरीवरच्या भांडणानंतरचं ते त्यांचं धाकट्या भावाशी पहिलं बोलणं. मधल्या माणसाशिवाय, आणि मोठ्यानं. आकारामनं चष्म्यावरून त्यांच्याकडं बघितलं.

“तू म्हण, दादा,” तो म्हणाला. “मी थांबतो.”

पडद्यावर जयराजनं कान चोळला.

“माज्या म्हातारीला सांग...”

“सांगतो. ढेप कुठली?”

“माज्या बाला सांग, तुजा पोरगा पळाला न्हाई.”

“पळाला न्हाई कसा? गोळी पाठीत बसलीया की.”

आकारामनं ते इतकं खवचटपणे म्हटलं, विहिरीवर पाण्याच्या पाळीवरून बोलायचा अगदी तसं, की नानांची कानशिलं तापली. पडद्यावर जयराज उठून बसला. नानांचा वर्षभर मिटलेला आवाज सगळाच्या सगळा बाहेर आला.

“वळलो हुतो म्हणून पाठीत बसली! मी आलोच म्हणला हुतास तू. येतोस का न्हाई त्ये बगाय वळलो हुतो मी!”

ओठ जिथं थांबले तिथंच वाक्य थांबलं. काचेपलीकडं अमृतनं अंगठा वर केला. आकाराम कागदातल्या पुढच्या ओळीवर बोट ठेवून उभा होता, पण ती त्यानं वाचली नाही. चष्मा काढून हातात धरला.

“दादा,” तो म्हणाला, “ह्ये पोरानं लिवलं कवा?”

नानांना ते माहीत नव्हतं. त्यांनी मान हलवली. मग आकारामनं बाहीनं डोळे पुसले, चष्मा पुन्हा घातला, आणि उरलेलं दोघांनी म्हणून टाकलं. मरणारा ढेपेचं ठिकाण सांगता सांगता खरंच मरतो, आणि दुसरा ढेपेसाठी ढसाढसा रडतो, तिथपर्यंत. रडणं साईराजनं मागंच भरून ठेवलेलं होतं. ते जसंच्या तसं राहू द्यायचं ठरलं.

बाहेर आल्यावर अमृतनं सगळा प्रसंग आवाजासकट लावून दाखवला. प्रियदर्शनी पदराचं टोक दातात धरून बघत होती. जयराज उठून भांडायला लागला तिथं ती हसली, आणि हसता हसताच तिनं तोंड झाकून घेतलं. साईराज खाली बघत होता. नानांना स्वतःचा आवाज मुलाच्या तोंडातून येताना बघवत नव्हतं. ते शालूबाईंकडं बघत राहिले.

शालूबाईंनी पहिल्यांदा डोळे मिटून ऐकलं. संपल्यावर पुन्हा लावायला सांगितलं, आणि दुसऱ्यांदा उघड्या डोळ्यांनी बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. त्या म्हणतील ते करायचं, पुसून टाक म्हणाल्या तर पुसायचं, असं नानांनी मनाशी ठरवलं. बाकीचेही त्याच बोलण्याची वाट बघत होते, आकारामसुद्धा.

“ह्यो तुमचा आवाज हाय,” त्या नवऱ्याला म्हणाल्या. “त्येचा न्हाई. लोकास्नी कळायचं न्हाई. मला कळतंय.”

“मग?” नानांनी विचारलं.

“मग काय. ऱ्हाऊ दे. त्येचं काम अर्धं नगं.” त्यांनी आकारामकडंही बघितलं. “चांगलं बोललासा तुमी दोगंबी.”

आकारामनं कोपऱ्यातली खुर्ची ओढून आणली, ती भावाच्या बाजूला ठेवली आणि तिच्यावर न बसता मागं उभा राहिला. बसायची जागा त्यानं नानांसाठी आणली होती. हे ध्यानात यायला नानांना वेळ लागला. मग ते बसले.

अमृत यंत्रं बंद करायला लागला, तेव्हा शालूबाईंनी त्याला हातानं थांबवलं.

“बाळा, आता एकदा बिनआवाजाचं दाव.”

अमृतला कळलं नाही. त्यानं साईराजकडं बघितलं. साईराज म्हणाला, आवाज काढून नुसतं चित्र लाव. आमचे सगळ्यांचेच काढ.

अमृतनं आवाज बंद केला आणि प्रसंग पहिल्यापासून लावला. कालव्याचा भराव, वाऱ्यानं वाकणारा ऊस, आडवा पडलेला जयराज. त्यानं कान चोळला, मान कलती केली, आणि तो बोलायला लागला. त्याचे ओठ हलत होते, भुवया वर जात होत्या, बोलता बोलता त्याला दम लागत होता, आणि खोलीत कसलाही आवाज नव्हता. वाक्यं आता सगळ्यांना पाठ होती, पण कुणी तोंड हलवलं नाही. नानांनी ओठ आवळून धरले होते.

शालूबाई खुर्चीत पुढं सरकून, दोन्ही कोपर गुडघ्यांवर टेकून पडद्याकडं बघत बसल्या. मधूनमधून त्या मान हलवत होत्या, कुणीतरी आपलं माणूस लांबून आलंय आणि समोर बसून सावकाश काहीबाही सांगतंय, तशी.